नाव मीच सांगितलं

"स्पीकरवर टाकतो. सगळ्यांना ऐकू दे."

असं म्हणून ओएस साहेबांनी टेबलावरच्या फोनचं बटण दाबलं. ओएस साहेब म्हणजे आमच्या बारामतीच्या कॉलेजच्या कार्यालयाचे अधीक्षक. मी फी काउंटरला बसले होते. प्रवेशाचे दिवस. काचेपलीकडची रांग व्हरांड्याच्या दारापर्यंत गेलेली. मुलं, मुली, त्यांचे आईबाप. पावती सरकवायला काचेला खाली फट ठेवलेली आहे. आत बोललेलं सगळं त्या फटीतून बाहेर ऐकू जातं.

फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता.

"आपके यहाँ जो मैडम कैश पे बैठती है ना, वो चोर है. लोन का पैसा खा के बैठी है. उसको कैश पे काहे को बिठाया? कल आपका भी खाएगी."

एका मुलीची पावती माझ्या हातात होती. अर्धी लिहिलेली.

"ऐकलंत?" ओएस साहेब म्हणाले. "चावी द्या इकडे."

"साहेब, मी कर्ज घेतलेलं नाही. मी फक्त जामीनदार..."

"चावी."

मी ड्रॉवरची चावी दिली. खुर्चीवरून उठले. तेव्हा ते म्हणाले, आणि हळू म्हणाले नाहीत, "दाखल्यावर नोकरी मिळते, मॅडम. पत मिळत नाही."

कोणता दाखला, ते त्या खोलीत कुणाला विचारावं लागलं नाही. रांगेतल्यांनाही नाही. रांगेत आमच्या गावची एक बाई तिच्या लेकीला घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग लगेच लेकीच्या हातातल्या फाइलकडं.

मला दाराजवळच्या टेबलावर बसवलं. आवक-जावकचं टेबल. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरला नोंद करायची. पैशाला हात लावायचा नाही. त्या दिवशी मी किती कागदांवर शिक्का मारला ते मला आठवत नाही. काही शिक्के उलटे पडले होते, ते दुसऱ्या दिवशी दिसले.

हे कसं झालं ते सांगते. पण आधी जामिनाचं सांगायला हवं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठाला. आमच्याकडं पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. ह्यानं पैसे भरले नाहीत तर मी भरीन, अशी सही देणारी दोन माणसं. सही कुणाचीही चालत नाही. एक तर जमिनीचा उतारा पाहिजे, नाही तर कायम नोकरीची पगारपावती. माझ्या वडिलांकडं, आबांकडं, दोन्ही नव्हतं. आबा साखर कारखान्यात हंगामी होते. गाळप सुरू झालं की बोलावणं यायचं, बंद झालं की घरी. सव्वीस वर्षं असंच.

मी सातवीत असताना चुलत्यानं पतसंस्थेत कर्ज मागितलं. आबा जामीन राहायला म्हणून गेले. धुतलेला शर्ट घालून. मला बरोबर नेलं होतं, कारण मला वाचता येत होतं. खिडकीतल्या माणसानं कागद पाहिला आणि म्हणाला, "तुझी सही काय चाटायची? तुलाच कोण उधार देत नाही."

बाकावर बसलेली माणसं हसली. आबाही हसले. रडले असते तर मी एवढं लक्षात ठेवलं नसतं.

पुढं मी शिकले. याच कॉलेजात बी. कॉम. झाले. शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, एका मॅडमनी परीक्षेच्या फीचे पैसे दोनदा स्वतःच्या पर्समधून भरले. मी ते विसरलेली नाही. मग याच कॉलेजात लिपिक म्हणून लागले. राखीव जागेवर, परीक्षा देऊन, गुणवत्ता यादीत पहिली येऊन. शेवटच्या दोन गोष्टी कुणी बोलत नाही.

नोकरी कायम झाली आणि चारच महिन्यांत दत्तूतात्या घरी आले. दत्तूतात्या म्हणजे आबांच्या बरोबरीचे, कारखान्यात एकाच पाळीला असायचे. आमच्या शेजारच्या आळीत राहतात. त्यांना जुना टेंपो घ्यायचा होता, लोकांची तरकारी इंदापूरच्या बाजारात पोचवायला. मला म्हणाले, "पोरी, तुझी पावती लागती. व्हय म्हन, न्हाय म्हन, चहा तरी पाजशील का न्हाय?"

मी सही केली. त्याच पतसंस्थेत. आबा बरोबर आले होते. काम नव्हतं तरी आले. परत येताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आता आपल्या घरातली सही चालती."

त्यानंतर मी आणखी चौघांना जामीन राहिले. एकालाही नाही म्हणाले नाही. नाही म्हणायचा विचारही शिवला नाही. इतकी वर्षं जी सही कुणी मागितली नव्हती, ती लोक घरी येऊन मागत होते.

आणि आमच्याकडं एक रीत आहे. सही केल्यावर जामीनदार कर्जदाराला हप्त्याचं विचारत नाही. विचारलं म्हणजे भरवसा उडाला. वर्षानुवर्षं शेजारी राहून, लग्नाला पंगतीत बसूनही कुणी तो विषय काढत नाही. मीही कधी काढला नाही.

याच रीतीत मी सापडले.

पहिला फोन दुपारच्या सुट्टीत आला. लीगल डिपार्टमेंटमधून बोलतोय म्हणाला. तुम्ही जामीनदार आहात, पार्टी पैसे भरत नाही, आज चार वाजेपर्यंत साडेचार हजार भरा, नाही तर वसुलीची माणसं तुमच्या ऑफिसात येतील. आवाज सरकारी वाटत होता. मागं टाइप केल्याचे आवाज येत होते. मी घाबरले. ऑफिसात येतील म्हणाला म्हणून जास्त घाबरले.

मी पैसे पाठवले. मोबाइलवर कुणा बाईचं नाव आलं, कंपनीचं नाही. मला वाटलं, तिथली कॅशियर असेल. मी पण कॅशियरच होते.

दहा दिवसांनी सहा हजार, दंड म्हणून. मग सात हजार, केस मिटवायची फी म्हणून. पहिली पावती मागितली तेव्हा म्हणाला, केस मिटली की सगळ्या पावत्या एकदम येतील. रोज पन्नास पावत्या फाडणारी मी. पावतीशिवाय तीनदा पैसे दिले.

मधल्या एका शनिवारी इंदापूरच्या एसटी स्टँडवर दत्तूतात्या भेटले. बाजार करून रिकामे क्रेट टेंपोत टाकत होते. मला बघून हाक मारली. पिशवीत किलोभर गवार भरली आणि हातात कोंबली.

"घी. आबाला आवाडती. आन काय गं, साहेबीन झालीस आन बोलंना झालीस?"

"डोकं दुखतंय, तात्या."

मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. मनात येत होतं, हप्ता भरत नाही आणि मला गवार देतो हा माणूस. मग वाटायचं, अडचण असेल बिचाऱ्याची. सांगायला लाजत असेल. आपण गुपचूप भरावं, त्याची लाज राहील. गवार घेऊन घरी गेले.

चौथ्यांदा माझ्याकडं पैसे नव्हते. पगार झाल्यावर देते म्हणाले. तो म्हणाला, "कल अपना फोटो देख लेना."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. माझ्या पदवीदानाचा. मी काळा झगा घालून उभी आहे आणि शेजारी आबा, हात कुठं ठेवावेत ते न कळून छातीवर बांधलेले. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो लावलेला होता. त्यावर लाल अक्षरांत 'चोर' लिहिलं होतं. अक्षरं एवढी मोठी की दोघांच्याही डोक्यावर आली होती. प्राचार्यांना गेला. प्राध्यापकांना गेला. खोलीच्या मालकिणीला, गावच्या बचत गटाला. 'नोटीस' म्हणून त्यानं मधे एक लिंक पाठवली होती, ती मी उघडली होती; माझ्या फोनमधले नंबर त्यातूनच गेले असणार.

संध्याकाळी आबांचा फोन आला. शेजारच्या वहिनींनी त्यांना फोटो दाखवला होता. वाचून दाखवायचं मात्र त्यांना झालं नव्हतं. आबांना वाचता येत नाही.

"आपला फोटू आलाय म्हनं. काय लिवलंय गं त्येच्यावर?"

"काही नाही, आबा. चुकून आलंय."

"लाल लाल हाय. वाचून दाखीव की."

मी फोन ठेवला. बापाचा फोन मी मध्येच ठेवला, हे आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काउंटरचा प्रकार झाला. कार्यालय सुटल्यावर मी खोलीवर गेले नाही. सरळ स्टँडवर गेले आणि इंदापूरची गाडी धरली. नोकरी सोडायचं मनात ठरवलं होतं. आबांना समोरासमोर सांगायचं होतं.

माझ्या फोनमध्ये सगळे कॉल रेकॉर्ड होतात. फीवरून पालक भांडतात म्हणून मी तशी सेटिंग करून ठेवली होती. भवानीनगर मागं पडल्यावर मी इअरफोन लावले आणि पहिला कॉल ऐकला. एकूण किती मागितले होते तेवढंच बघायचं होतं.

तो म्हणत होता, "मैडम, आप लोन में गारंटर हो ना?"

माझा आवाज म्हणत होता, "हो. कुणाचं? दत्तूतात्यांचं का?"

"हाँ, दत्तू का."

"टेंपोचं?"

"हाँ हाँ, टेंपो का ही लोन है."

"पण ते तर पतसंस्थेचं आहे."

"पतसंस्था ने हमको दिया है, मैडम, वसूली के लिए."

मी थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. पुन्हा ऐकलं. सगळा कॉल सात मिनिटांचा. त्यात त्या माणसानं एक आकडा सोडला तर काहीच सांगितलं नव्हतं. नाव मी सांगितलं. टेंपो मी सांगितला. पतसंस्था मी सांगितली. मी कुठं नोकरी करते तेही मीच सांगितलं होतं, "मी कॉलेजात आहे, असं करू नका" म्हणून. त्याच्याकडं फक्त माझा नंबर होता. बाकी सगळं मी माझ्या हातानं वाढलं होतं.

शेजारची बाई म्हणाली, "काय झालं, ताई? उतरायचं राहिलं का?"

गाडीतून उतरले ती घरी गेले नाही. दत्तूतात्यांकडं गेले. ते अंगणात टेंपो धूत होते.

"तात्या, एक विचारू?"

"इचार की."

"तुमचे हप्ते थकलेत का?"

एवढं अवघड वाक्य मी कधी बोलले नव्हते. तात्यांच्या हातातली बादली खाली टेकली.

"कोन म्हनलं?"

मी सगळं सांगितलं. ते घरात गेले, प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत पतसंस्थेचा निल दाखला. कर्ज पूर्ण फिटलं, येणं बाकी काही नाही, खाली शिक्का.

"वरीस झालं फिटून. पेढं घिऊन आलतो तुझ्याकडं. तू बारामतीला. आबाकडं दिलं."

पेढे मी खाल्ले होते. आबांनी कशाचे ते सांगितलं नव्हतं. विसरले असतील.

मग तात्या चिडले. "मला का न्हाय इचारलंस?"

"तुमची लाज राखायला, तात्या."

"माजी लाज?" ते ओरडलेच. "कोन कुठला फोनवरचा, त्येनं सांगितलं आन तू मला बुडव्या ठरिवलंस. माजी गवार घिऊन गेलीस आन मनात मला चोर म्हनलीस. ही लाज राखायची रीत कुठनं शिकलीस?"

सकाळी ओएस साहेबांनी माझं जे केलं होतं, तेच मी महिनाभर ह्या माणसाचं करत होते. फोनवरच्या कुणीही सांगावं आणि आम्ही आमच्या माणसाबद्दल ते खरं धरावं. का? तर गरीब माणूस पैसे बुडवणारच, हे माझ्याही डोक्यात बसलेलं होतं. पदवी घेऊनही बसलेलं होतं. त्या फोनवाल्याचा धंदा त्याच्यावरच चालतो. नोकरी सोडायचा विचार तिथं अंगणातच संपला. मला त्या विचाराचीच लाज वाटली.

घरी जाऊन आबांना फोटोवरचं अक्षर वाचून दाखवलं. आबा जेवले नाहीत.

सकाळी दत्तूतात्याच माझ्याबरोबर बारामतीला आले, निल दाखला खिशात घालून. पोलीस ठाण्यात एका महिला हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. रेकॉर्डिंग, पैसे पाठवल्याचे नंबर, फोटो, सगळं घेतलं. "पैसे परत मिळतील असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी आला असता तर कदाचित खातं गोठवता आलं असतं." मग मला विचारलं, "खरी वसुली कशी असते माहीत आहे का?" आणि सांगितलं. खरा वसुलीवाला कंपनीचं नाव सांगतो, कर्ज खात्याचा नंबर सांगतो, नोटीस कागदावर पाठवतो. पैसे संस्थेच्या खात्यात मागतो, कुणा बाईच्या नावावर नाही. चारचौघांत बदनामी करायचा, शिव्या द्यायचा अधिकार खऱ्यालाही नाही. कर्ज खरं असलं तरी नाही.

हे शेवटचं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

तक्रारीची पोच घेऊन मी कामावर गेले. साडेबाराला फोन वाजला. ओएस साहेबांनी उचलला आणि रिसीव्हर माझ्याकडं धरला. "घ्या. तुमचे पाहुणे."

मी टेबलापाशी गेले आणि स्पीकरचं बटण स्वतः दाबलं.

"कंपनीचं नाव सांगा."

"लीगल से बोल रहा हूँ."

"कंपनीचं नाव."

"पैसा कब भर रही है?"

"कर्ज खात्याचा नंबर सांगा. आमच्याकडं दोन जामीनदार लागतात. दुसरा कोण?"

मग तो म्हणाला, "तेरा बाप."

"माझ्या बापाची सही आजपर्यंत कुणी घेतलेली नाही. खोटं तरी नीट बोला. कॉल रेकॉर्ड होतोय. पोलिसांत तक्रार दिली आहे. काय असेल ते कागदावर पाठवा."

त्यानं आईवरून शिवी दिली आणि फोन ठेवला. शिवी रांगेनं ऐकली, कार्यालयानं ऐकली. मी रिसीव्हर जागेवर ठेवला.

दुपारी डबा खाताना शिपाई शांतामावशी माझ्याजवळ सरकल्या. "मलाबी येत्यात तसलं फोन. दोनदा भरलं मी. भावाचं करज हाय म्हनं."

"भावाचं नाव त्यांनी सांगितलं, का तुम्ही?"

मावशींचा घास हातातच राहिला.

संध्याकाळी ओएस साहेबांनी बोलावलं. आवाज मऊ होता. "झालं ना क्लिअर? उद्यापासून बसा काउंटरला. विषय संपला."

"साहेब, लेखी द्या."

"काय लेखी?"

"मला काउंटरवरून का काढलं, आणि आता का बसवताय. आणि रांगेसमोर जे वाक्य बोललात, ते रांगेसमोर मागे घ्या."

ते खुर्चीत मागं रेलले. "या संस्थेनं तुम्हाला शिकवलं. नोकरी दिली. उपकारांची जाण ठेवा थोडी."

एरवी ह्या शब्दांनी माझी मान खाली गेली असती. वसतिगृहातल्या जेवणापासून पर्समधल्या पैशांपर्यंत सगळं आठवलं असतं. त्या दिवशीही आठवलं. पण मला शिकवलं ते त्या मॅडमनी. फी भरली ती त्यांनी. ओएस साहेबांनी त्यात काय दिलं होतं, ते मला कितीही आठवून आठवेना.

"जाण आहे, साहेब. म्हणूनच अर्ज करून विचारतेय."

अर्ज मी प्राचार्यांच्या नावे लिहिला होता. काय घडलं, कुणासमोर घडलं, कोणतं वाक्य बोललं गेलं, जसंच्या तसं. सोबत पोलीस तक्रारीची पोच आणि रेकॉर्डिंग. माझ्याच टेबलावर त्याच्यावर शिक्का मारला. सरळ पडला. आवक नंबर टाकला, रजिस्टरला नोंद केली, विषयाच्या रकान्यात पूर्ण विषय लिहिला.

ओएस साहेब स्वतः उठून टेबलापाशी आले. रजिस्टर वाचलं.

"ही नोंद खोडा."

"आवक रजिस्टरला खाडाखोड चालत नाही, साहेब."

"तुम्हाला कळतंय ना, काय करताय ते? अजून पंचवीस वर्षं काढायचीत इथं."

"हो. तुमची सहा राहिलीत."

याला आता पंधरा दिवस होऊन गेले. उत्तर आलेलं नाही. चहाला मला कुणी हाक मारत नाही. शांतामावशी मारतात, पण ओएस साहेब नसताना. साडेसतरा हजारांतला एक रुपया परत आलेला नाही. फोटो कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये अजून पडून असेल. आबा पारावर जात नाहीत. मी काउंटरला बसायला नकार दिलेला आहे. तोंडी सांगितलं म्हणून मी उठले होते. तोंडी सांगितलं म्हणून परत बसणार नाही.

सोमवारी पहिलं स्मरणपत्र दिलं. आवक नंबर मीच टाकला. येत्या सोमवारी दुसरं देणार आहे. तिसऱ्याची प्रत विद्यापीठाला जाईल आणि चौथ्याची अनुसूचित जाती-जमाती आयोगाला. उरलेली तिन्ही लिहून तयार आहेत.